पास्ता मशीन घ्यायचंय: रोलरचं की जाळीचं? (सासूबाई म्हणतात माळ्यावरचं काढ)

गिरणाकाठची | १४ मार्च, दुपारी ३:२०

नमस्कार मंडळी. आधी जुने धागे शोधले. एक सापडला, पण दुसऱ्याच पानावर तो बिडाच्या तव्यावर घसरला आणि पुढं कुणाच्या तरी जावेवर संपला. म्हणून नवीन काढतेय.

आम्ही जळगावला. लेक सातवीत आहे, पुतण्या नववीत. दोघांनाही पास्त्याचं वेड. पाकिटातला आणून कंटाळले, आणि सुट्ट्या लागल्या की रोजची मागणी सुरू होणार हे दिसतंय. मशीन घ्यावं म्हणते. दुकानात दोन प्रकार बघितले. एक हँडलचं: दोन रोलर, मधून पिठाची पट्टी निघते आणि मग तिच्या रिबिनी कापतात. दुसरं विजेचं: वरून पीठ-पाणी टाका, पुढच्या जाळीतून पास्ता बाहेर. दुसरं बरंच महाग आहे.

अडचणी सांगते. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. मागच्या पडवीत वेगळी शेगडी आहे, तिथं चालतं, पण मला बिनअंड्याचंच नीट जमायला हवंय. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. तिसरं, घरात आठ माणसं.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माळ्यावर शेवयांचं मशीन आहे ना, ते काढ. तुझा पास्ता म्हणजे काय, जाड शेवयाच." हसून सोडून दिलं, पण रात्री झोपताना वाटलं, खरंच काय फरक आहे?

भुसावळ_जंक्शन | १४ मार्च, दुपारी ३:४१

सासूबाई बरोबर बोलल्या. धागा संपला, चहा घ्या.

पुण्यातली_धुळेकर | १४ मार्च, रात्री ९:०५

जंक्शनदादा, तुमच्यामुळेच धागे तव्यावर जातात.

ताई, माझ्याकडे सहा वर्षांपासून रोलरचं आहे. आधी सरळ उत्तर: आठ माणसं, विजेचा भरवसा नाही, पहिलंच मशीन, तर रोलरचंच घ्या. पण त्यातून काय निघतं ते नीट समजून घ्या, म्हणजे मग वैताग नाही. त्यातून मॅकरोनी निघत नाही. पेने, फुसिली असलं पोकळ-पिळाचं काहीच निघत नाही. ते जाळीचं काम. रोलरवर पट्टी निघते, बस. पट्टीचं पुढं काय करायचं ते तुमच्या हातात: रुंद रिबिनी, बारीक रिबिनी, लझानियाचे चौकोन, सारण भरून रॅव्हिओली. मुलांना मॅकरोनीच हवी असेल तर आत्ताच विचारून ठेवा, नंतर रडारड नको.

वापरायचं असं. मशीनला आकड्यांची चकरी असते. इटलीच्या मार्काटोच्या ॲटलस १५० वर ० ते ९ आहेत, ० सगळ्यात जाड (साधारण ५ मिमी) आणि ९ म्हणजे अर्धा-पाऊण मिमी. १५० म्हणजे पट्टीची रुंदी, १५० मिमी. काही मशीनांवर आकडे उलटे असतात, मोठा आकडा म्हणजे जाड. घेतल्यावर पहिल्यांदा ते बघा. माझ्या बहिणीनं महिनाभर उलटं चालवलं आणि "पट्टी फाटते" म्हणून मला फोन.

कणीक पोळीपेक्षा खूप घट्ट. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. बोटानं दाबली तर खळगा पडायला जोर लागला पाहिजे. अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरू द्या. मग लिंबाएवढी नाही, चांगल्या पेरूएवढी लाटी, हातानं चपटी करून ० वर. निघाली की तिची तीन घड्या करून परत ० वर, घडीची बाजू रोलरला आडवी. असं पाच-सहा वेळा. पहिल्या दोन वेळा पट्टी फाटकी, खडबडीत, गोधडीसारखी निघते आणि माणूस मशीनला शिव्या देतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती अचानक गुळगुळीत होते, हाताला चामड्यासारखी लागते. तोपर्यंत आकडा बदलायचा नाही! सगळा खेळ इथंच आहे. त्यानंतर घडी न घालता १, २, ३ असं एकेक पायरीनं खाली. रुंद रिबिनीला मी ५ वर थांबते, रॅव्हिओलीला ६-७.

कापायच्या आधी पट्टी दहा मिनिटं उघडी ठेवा, म्हणजे रिबिनी एकमेकींना चिकटत नाहीत. जळगावच्या उन्हाळ्यात मात्र दहा नको, तीन-चार मिनिटांत तिचा पापड होईल.

अंड्याचं प्रमाण १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. बिनअंड्याचं मी फार केलं नाहीये, ते इतरांनी सांगावं.

खटपट्या_शहादेकर | १४ मार्च, रात्री १०:३८

विजेच्या मशीनचा अनुभव माझ्याकडून घ्या, फुकट आहे. मला मात्र फुकट पडला नाही.

घेतलं तेव्हा वाटलं, पीठ टाकायचं, बटण दाबायचं आणि टीव्ही बघायचा. तसं होतंही, पण पाण्याचं माप चुकलं नाही तर. ५०० ग्रॅम बारीक रव्याला १९०-२०० मिली पाणी. आपल्याला हे बघून भीती वाटते, कारण आत जे तयार होतं त्याला कणीक म्हणताच येत नाही. चुरम्यासारखा भुगा असतो. मुठीत दाबला तर मूठ वळते, चोळला तर परत भुगा. आमची ही म्हणाली "कोरडं राहिलंय", म्हणून मी झाकणाच्या फटीतून दोन चमचे पाणी सोडलं. संपलं. आत लगदा झाला, जाळीतून जे आलं ते एकमेकांना चिकटून गुऱ्हाळातल्या काकवीसारखं लोंबत खाली आलं.

दुसऱ्या खेपेला माप बरोबर, पास्ता झकास निघत होता आणि निम्म्यात वीज गेली. पावणेदोन तास. पीठ मळसूत्रात आणि जाळीत दगड. ओली जाळी घासत बसू नका, ही एक गोष्ट मात्र शिकलो. ती तशीच वाळू द्या, नाहीतर फ्रीजरमध्ये टाका, मग दाताच्या काडीनं टोचलं की आतलं पीठ टकाटक बाहेर पडतं. ओलं असताना घासाल तर तास जातो आणि ब्रशही जातो.

मशीन वाईट नाही. पेने, स्पॅगेटी हवी असेल आणि घरात इन्व्हर्टर मोठा असेल तर घ्या. आवाज मिक्सरइतका नाही, पण दहा-पंधरा मिनिटं सलग ऐकावा लागतो.

तापीनी_लेक | १५ मार्च, सकाळी ७:५०

बहीन, मशीन नंतर ले. पहिले घरमा गहू कोनता शे ते देख. मशीन काय पयी जाई ऱ्हायनं का? मी मांगला साले लोकवनना पिठना पास्ता कऱ्या, उकया पानीमा टाका आनि बठ्ठा लगदा व्हई गया. पोरं म्हनेत, आई हाई खीर शे का?

भुसावळ_जंक्शन | १५ मार्च, सकाळी ८:१५

"आई हाई खीर शे का" 😂 ताई, ही ओळ फ्रेम करून स्वयंपाकघरात लावा.

काळी_माती_चोपडा | १५ मार्च, सकाळी ११:२२

तापीनी लेक ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी शेती करतो, गव्हाबद्दल थोडं लिहितो. लांबलं तर सोडून द्या.

लोकवन, १४७, ४९६, शरबती हे सगळे पोळीचे गहू. त्यांची कणीक ताणली की लांबते, तव्यावर फुगते. पास्त्याचा गहू वेगळ्या जातीचा, डुरम. तो आपल्याला नवीन नाही. आपले आजे-पणजे ज्याला बन्सी म्हणायचे तो डुरमच. दाणा कडक, काचेसारखा, दाताखाली टणक, फोडला तर आत पिवळसर. दळला की मैद्यासारखं पीठ पडत नाही, रवाळ पडतो. म्हणून शेवया, कुरडया, रव्याच्या लाडवाला म्हाताऱ्या बाया बन्सीच मागायच्या. बागायत वाढली, पोळीच्या गव्हाचा उतारा जास्त, तसा बन्सी मागं पडला.

डुरमच्या कणकेचा स्वभाव असा की ती ताणाल तेवढी लांबत नाही, फुगत तर नाहीच, पण एकदा दिलेला आकार उकळत्या पाण्यात सोडत नाही. पोळीला तो दुर्गुण, पास्त्याला आणि शेवयांना तोच गुण. इटलीत १९६७ च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता डुरमच्या रव्याचाच करायचा असं ठरवलं. अंडं घालून करतात तो ताजा पास्ता मात्र तिकडं बोलोन्याच्या बाजूला मऊ गव्हाच्या मैद्याचा असतो, कारण तिथं आकार धरून ठेवायचं काम अंडं करतं. म्हणजे ताई, तुम्ही अंडं घालणार नसाल तर गव्हाला पर्याय नाही. अंडं किंवा डुरम, दोन्हीपैकी एक पाहिजेच.

मिळेल कुठं? निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे पंचवटी (एनआयडीडब्ल्यू १५) आणि गोदावरी (एनआयडीडब्ल्यू २९५) हे डुरम. माळव्यातून येणारा पूसा तेजसही डुरम. दुकानात "बन्सी" म्हणून मागा, पण दाणा फोडून बघा. नुसत्या नावावर जाऊ नका, आमच्याकडं एकानं जाड लोकवन बन्सी म्हणून विकला होता. रवा पाकिटातला घेणार असाल तर डुरम असं छापलेलं असेल तरच.

खपली हाही डुरमचा चुलतभाऊ, पण त्याची पट्टी रोलरवर कडेनं भेगाळते. निम्मा डुरम मिसळला तर चालून जातं.

लाटणं_झिंदाबाद | १५ मार्च, दुपारी १:०२

एक विचारू? आपल्या बायका खापरावर हातभर रुंद मांडे हवेत फिरवून करतात आणि तुम्हाला चार रिबिनी कापायला मशीन लागतं? लाटण्यानं लाटा, सुरीनं कापा. मशीन चार वेळा वापरून माळ्यावर जाणार. शेजारी ते शेवयांचं आहेच, गप्पा मारतील दोघं.

पुण्यातली_धुळेकर | १५ मार्च, दुपारी १:३०

मांडे ज्या कणकेचे होतात ती पाण्यासारखी ताणते, तास-तास तिंबून, आपटून. पास्त्याची कणीक लाटण्याखाली रबरासारखी मागं सरकते. एका माणसाचं लाटणं मजेत होतं. आठ माणसांचं लाटून बघा, मग खांदा कुठं ठेवायचा ते विचारायला परत धागा काढाल.

आणि तो मान तरी कुणाला द्यायचा ते ठरवा. मांडे करणारीला मशीन लागत नाही हे खरं, पण आपण दोघंही मांडे करणारे नाही.

लाटणं_झिंदाबाद | १५ मार्च, दुपारी १:४४

हे मात्र मान्य. मी पुरुष आहे आणि माझ्या पोळ्यांचा नकाशा होतो.

फिटर_नाना | १५ मार्च, संध्याकाळी ६:४०

रेल्वेत पस्तीस वर्षं फिटर होतो, आता रिटायर. सुनेसाठी गेल्या वर्षी रोलरचं मशीन घेतलं. पहिलं परत केलं, दुसरं ठेवलं. का परत केलं ते सांगतो, उपयोगी पडेल.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. शेवयांच्या मशीनमध्ये मळसूत्र असतं, ते पीठ पुढं रेटतं आणि चकतीच्या भोकांतून काढतं. खटपट्याभाऊंचं विजेचं मशीन म्हणजे तेच, फक्त मोटर लावलेलं. रोलरचं मशीन म्हणजे उसाच्या रसाचा चरक. तत्त्वच वेगळं. त्यामुळं सासूबाई चुकल्या नाहीत, त्यांचं मशीन पास्ता मशीनच आहे, पण दुसऱ्या जातीचं. कारखान्यातही स्पॅगेटी अशीच जाळीतून काढतात, आणि काशाच्या जाळीतून आलेली जरा खडबडीत असते म्हणून तिला रस्सा चांगला धरतो. तुमची पितळी चकती काही कमी नाही.

आता रोलरचं निवडताना. दुकानात पीठ लावू देणार नाहीत, पण कागद लावू देतील. साध्या वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून न्या, बोटाएवढ्या. मशीन सगळ्यात बारीक आकड्यावर ठेवा. एक पट्टी रोलरच्या डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला घाला आणि दोन्ही हातांनी एकदम हळू ओढा. दोन्हींना सारखा अडथळा लागला पाहिजे. एक घट्ट आणि एक मोकळी, म्हणजे रोलर समांतर नाहीत. अशा मशीनमधून पट्टी सरळ निघत नाही, एका अंगाला वळत जाते, केळीच्या आकाराची. मी परत केलं ते ह्याच कारणानं. दुकानदार म्हणाला, "काका, एवढं कोण बघतं?" म्हटलं, मी बघतो.

दुसरं, मशीन उलटं करून रोलरच्या खाली बघा. पीठ खरवडणारी पट्टी असते. ती रोलरला पूर्ण लांबीभर टेकलेली पाहिजे. फट असेल तर पीठ रोलरला गुंडाळून वर येतं.

तिसरं, हँडल. बऱ्याच मशीनांत ते नुसतं भोकात खुपसायचं असतं, फिरवता फिरवता निसटून पायावर पडतं. त्याला इलाज नाही, सगळ्यांचंच पडतं. टोकाला थोडी कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

चौथं, आणि हे घरी. नव्या मशीनच्या रोलरवर कारखान्यातलं तेल आणि धातूची काळी पूड असते. पहिली एक लाटी नुसती फिरवायची, दोन-तीनदा, ती करडी होऊन निघते. ती फेकायची. गाईलाही घालायची नाही. कापणाऱ्या दातांतूनही फिरवायची. पीठ पांढरं निघालं की मगच खायचा पास्ता.

पाणी लावायचं नाही. कधीच नाही. कोरडा रंगाचा ब्रश (नवा), लाकडी काडी, बस. आत गिअर आहेत, त्यांना ओल लागली की गंज. वर्षातून एकदा रोलरच्या दोन्ही टोकांना खाण्याच्या यंत्राला चालणाऱ्या तेलाचा एकेक थेंब.

कांदे_नवमी | १५ मार्च, रात्री ८:१२

नाना, हे दोन वर्षं आधी का नाही लिहिलंत? मी पहिल्याच दिवशी नळाखाली धरलं, भांड्यांचा साबण लावून. नवऱ्यानं तर वरून कौतुक केलं, किती चकचकीत. आठवड्यानं हँडल फिरवलं तर बैलगाडीच्या चाकासारखा आवाज आणि पट्टीवर तांबूस रेघ. आता ते मशीन दारात आहे, वर मनीप्लांट ठेवलाय.

गिरणाकाठची | २२ मार्च, रात्री ९:३०

घेतलं! रोलरचं. नानांच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन गेले होते. दुकानातली मुलं एकमेकांकडं बघून हसत होती, पण तीन मशीनांत पट्ट्या लावल्यावर तिसरं सारखं निघालं, मग हसणं थांबलं. मार्काटोचं घ्यायचा मोह झाला (घरी वाचलं, १९३० पासून पादुआजवळच्या कांपोदार्सेगोला आहेत म्हणे), पण खिशानं नाही म्हटलं. साधं स्टीलचंच घेतलं, २,३०० ला.

आणि आता फजिती. मशीन ओट्याला क्लॅम्पनं लावायचं असतं ना, ते लागतच नाही. आमच्या ओट्याच्या पुढच्या कडेला ग्रॅनाइटची दुहेरी पट्टी आहे आणि खाली लगेच ट्रॉलीचे दरवाजे. क्लॅम्पचा जबडा आत जायला जागाच नाही. डायनिंगला लावलं तर काच. टीपॉयला लावलं तर हँडल फिरवताना टीपॉयच गोल फिरायला लागला, पुतण्या वर बसला तरी. शेवटी लेकीनं मशीन दोन्ही हातांनी धरलं आणि मी फिरवलं. पट्टी कमी आणि भांडण जास्त.

हे कुणी आधी का सांगत नाही?

पुण्यातली_धुळेकर | २२ मार्च, रात्री ९:४८

अरे देवा. माझा ओटा जुन्या कडाप्प्याचा, सरळ कडेचा, म्हणून लक्षातच आलं नाही. चूक माझी.

खटपट्या_शहादेकर | २२ मार्च, रात्री १०:१०

सुताराकडून दीड फुटी जाड फळी घ्या, मशीन तिला कायमचं लावा, आणि फळी पलंगाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पनं. मी ड्रिल मशीनसाठी असंच केलंय.

फिटर_नाना | २३ मार्च, सकाळी ६:०५

ताई, माळ्यावरचं शेवयांचं मशीन कशावर बसवलेलं आहे? आमच्याकडं ते लांब लाकडी पाटावर असायचं. एक बाई पाटावर बसायची, दुसरी हँडल फिरवायची. तो पाट आहे का बघा.

गिरणाकाठची | २३ मार्च, सकाळी ९:१५

नाना!!! आहे. सागवानी, चार फुटी, माळ्यावर. संध्याकाळी काढते.

तापीनी_लेक | २३ मार्च, सकाळी ९:४०

देखा, सासू जितनी.

काळी_माती_चोपडा | २३ मार्च, दुपारी १२:३०

बन्सी मिळाला का ते सांगा. बिनअंड्याचं प्रमाण आमच्या घरचं: बारीक दळलेला डुरम रवा ५०० ग्रॅम, पाणी २३० ते २४० मिली, कोमट. मीठ कणकेत नाही, उकळत्या पाण्यात, एका लिटरला १० ग्रॅम. रवा जाड असेल तर घरघंटीवर परत एकदा फिरवा, नाहीतर कणीक मुरायला दोन तास घेते. आणि भुरभुरायला मैदा नको, रवाच. मैदा पाण्यात उतरून खळ होते.

गिरणाकाठची | २ मे, सकाळी ११:००

उशिरा लिहितेय. बिबडे, कुरडया, मग आखाजी, सगळं एकावर एक. नणंद माहेरी आली होती तिच्या दोन्ही मुलांना घेऊन, म्हणजे आठाचे अकरा झालो.

बन्सी मिळाला. दाणा फोडून बघितला, काळी_माती दादा, आतून मेणासारखा पिवळट. धुऊन, कापडात बांधून, सावलीत सुकवून दळला, शेवयांना करतो तसाच. सासूबाईंनी वस्त्रगाळ केला. त्यांनीच सांगितलं की शेवयांना जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा तुमचं प्रमाण जास्त वाटतंय, म्हणून आधी २०० मिली घातलं. पट्टी सहाव्या वेळीही गोधडीच. मग २३५ ला आणलं, अर्ध्याऐवजी पाऊण तास मुरू दिलं, आणि चौथ्या घडीला ती गुळगुळीत झाली. पुण्यातली ताई, तुम्ही चामडं म्हणालात, मला ती पिकलेल्या केळीच्या सालीसारखी लागली. असो.

पाट अंगणातल्या ओसरीवर टाकला. एका टोकाला शेवयांचं जुनं मशीन होतंच, दुसऱ्या टोकाला नवीन क्लॅम्प केलं. मधे सासूबाई बसल्या. पाट हलायची हिंमत नाही. दुपारी चार वाजता कामाला लागलो तर पट्टी हातात घेईपर्यंत कडा कुरकुरीत. मग पंचा ओला करून दोरीवर आडवा टाकला आणि त्याच्या आडोशाला पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं, सकाळी सातलाच उरकलं.

५ वर थांबून रुंद रिबिनी कापल्या. उकळत्या पाण्यात अडीच मिनिटं. लगदा नाही! एकही तुटली नाही. मुलांना टोमॅटो-लसणाचा सॉस केला. मोठ्यांना मात्र नणंदेनं आदल्या रात्रीच्या शेवभाजीच्या रश्श्यात टाकून दिला, आणि खरं सांगते, तोच आधी संपला. काळ्या मसाल्याचा रस्सा त्या रिबिनींना असा धरून बसतो की शेव विसरायला होते. इटलीच्या लोकांनी हे वाचू नये.

उरलेल्या पट्ट्यांचे ४ वर काढून शंकरपाळ्यासारखे तुकडे केले, दुसऱ्या दिवशी वरणफळं. सासूबाईंना मशीन पटलं ते इथं. म्हणाल्या, "लाटायचं वाचलं." पास्त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

दोन गोष्टी शिकले. एक, रिबिनी मुलांना एकावर एक रचू देऊ नका. रव्यात घोळवून, मूठभर घेऊन सैल घरट्यासारख्या ठेवायच्या, नाहीतर अकरा माणसांचा एक मोठा गोळा होतो. दोन, बारीक रिबिनीचे दात या स्वस्त मशीनचे नीट नाहीत, कापतात पण सोडत नाहीत, कंगव्यासारखं हातानं सोडवावं लागतं. रुंद उत्तम, बारीक नको.

त्यामुळं पोरांची आता स्पॅगेटीची मागणी आहे, आणि ती जुन्या मशीनवर काढायचं ठरलंय. त्याची जाड शेवयांची चकती सापडत नाहीये. बारीकची आहे, जाडची कुणीतरी वीस वर्षांपूर्वी मागून नेली ती आलीच नाही. सासूबाईंना कोण ते माहीत आहे, पण नाव सांगत नाहीत.

कांदे_नवमी | २ मे, सकाळी ११:२६

शेवभाजीत पास्ता. मनीप्लांट काढून मशीन दुरुस्तीला देते.

फिटर_नाना | २ मे, दुपारी १२:१०

गंजलेल्या मशीनवर पैसे घालू नका, नवमीताई. मनीप्लांट राहू द्या.

गिरणाकाठची ताई, चकतीचा बाहेरचा व्यास मोजून लिहा, मिलिमीटरमध्ये, आणि खाच एक आहे की दोन ते बघा. आमच्याकडं जाडच्या दोन पडून आहेत. रविवारी जळगावला लग्नाला येतोय.

गिरणाकाठची | २ मे, दुपारी १२:३१

५८ मिमी, खाचा दोन.

फिटर_नाना | २ मे, दुपारी १:०४

बसेल. आणतो.